विषाणूचा डीएनए आणि पेशीतली प्रथिने

नुकत्याच संसर्ग झालेल्या पेशीत विषाणूच्या डीएनएला कोणती प्रथिने आधी गाठतात, यावर त्या संसर्गाची पुढची वाट बऱ्याच अंशी ठरते. तापानंतर ओठांच्या कडेला फोड उठवणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स-१ या विषाणूत हे बारकाईने तपासले गेले आहे.

या विषाणूचा डीएनए सुमारे १,५२,००० बेसजोड्यांचा असतो. सरळ ताणला तर तो पन्नास मायक्रोमीटर भरेल. मावतो मात्र १२५ नॅनोमीटर व्यासाच्या कवचात. मानवी डीएनए रिळावरच्या दोऱ्यासारखा हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. कवचात हिस्टोन नसतात, आणि आतला दाब वातावरणाच्या सुमारे वीसपट असतो. कवच केंद्रकाच्या छिद्राशी टेकले की याच दाबाने डीएनए आत ढकलला जाऊ लागतो. आत येतो तो जवळजवळ उघडा, म्हणून पेशीला परका.

पीएमएल, एसपी-१००, डॅक्स आणि एटीआरएक्स ही प्रथिने लगेच त्याच्याभोवती जमू लागतात. हिस्टोनही चढतात आणि त्यांवर जनुके मिटवणाऱ्या रासायनिक खुणा उमटतात. उलट बाजूने, विषाणूसोबत आलेले व्हीपी-१६ पेशीच्याच ऑक्ट-१ आणि एचसीएफ-१ या प्रथिनांना हाताशी धरून विषाणूची पहिली जनुके चालू करते. त्यांपैकी एकापासून बनणारे आयसीपी-० पीएमएलवर युबिक्विटिनची खूण चढवण्याचे काम करते, आणि खूण लागलेल्या प्रथिनाचे प्रोटिओसोम तुकडे करतो.

आयसीपी-० काढून टाकलेला विषाणू याबाबत फार बोलका आहे. माणसाच्या फायब्रोब्लास्ट पेशींत तो थोड्या संख्येने शिरला तर जेमतेम वाढतो. मोठ्या संख्येने शिरला तर उणीव भरून निघते, कारण पेशीची प्रथिने इतक्या डीएनएंना पुरी पडत नाहीत. मुळातच एटीआरएक्स नसलेल्या यू-२-ओएस या हाडाच्या कर्करोगाच्या पेशींत तर त्याला अडथळाच उरत नाही.

कोण कुणाला चिकटले हे पाहण्याची युक्ती पिट्सबर्ग विद्यापीठात विषाणूसाठी वापरली गेली. डीएनएत एक बदललेला बेस मिसळायचा, त्याला रासायनिक अभिक्रियेने बायोटिन जोडायचे, सूक्ष्म मण्यांवर तो डीएनए ओढून घ्यायचा आणि सोबत आलेली प्रथिने वस्तुमान-वर्णपटमापकाने ओळखायची. यातून संसर्गाच्या टप्प्याटप्प्याने सोबती कसे बदलतात ते दिसले. नव्याने बनलेल्या विषाणू-डीएनएवर हिस्टोन फारच कमी आढळतात.

चेतापेशीत चित्र उलटते. अक्षतंतूच्या लांब प्रवासात व्हीपी-१६ मागे पडते, असे मानले जाते. मग हिस्टोन आणि मिटवणाऱ्या खुणा वरचढ ठरतात आणि विषाणू वर्षानुवर्षे सुप्त राहतो. असायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्या डीएनएची नक्कल थांबवते, म्हणून या सुप्त डीएनएवर त्याचा परिणाम होत नाही. खुणा पुसणाऱ्या एलएसडी-१ या पेशीच्या विकराला रोखले, तर विषाणू पुन्हा जागा होण्याचे प्रमाण घटते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.