वर्गणीचा पैसा आणि देणगीचा पैसा



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, ही आपली अपेक्षा. माझी शाळा तर सातवीतच सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि जिनाच्या फाटकावर. तरीही चालकांनी मला बोलावले, कारण नुकताच एक आठवडा मी तालुक्यातल्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या काही लहान सेवाभावी संस्थांबरोबर काढला. पैसा कोठून आणावा आणि माणसे कशी तयार करावीत, हे दोनच प्रश्न आमच्यापुढे होते.

पहिले दोन दिवस कागदांत गेले. १९५० च्या विश्वस्त कायद्याखालची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे द्यावयाचे हिशेब, आयकर खात्याचा दाखला. आणि कंपन्यांचा पैसा हवा असेल तर २०२१ पासून केंद्र सरकारकडे आणखी एक नोंद. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक कार्याची जबाबदारी टाकली. मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के त्यांनी खर्चावेत, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे. कायदा चांगला आहे. परंतु 'आसपास' या शब्दात एक मेख आहे. कायदा झाला तेव्हा ५०० कोटींची निव्वळ संपत्ती, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक तरी असलेली कंपनी त्यात येईल असे ठरले. आपल्याकडे कापसाचे जिन आहेत, तेलघाण्या आहेत. या मापाचे कारखाने मुंबई-पुण्याच्या बाजूला. तेव्हा पैसा कारखान्याच्या भोवती फिरतो आणि गरज मात्र पायथ्याच्या गावांत राहते.

तिसऱ्या दिवशी एका शिवणवर्गाचा हिशेब पाहिला. देणगीतून यंत्रे आली, कापड आले, उद्‌घाटनाचा फलकही आला. वर्ष संपले तेव्हा शिकविणाऱ्या बाईंचे मानधन बंद झाले, कारण दात्याच्या अर्जात दुसऱ्या वर्षाच्या पगाराला रकानाच नव्हता. आज यंत्रांवर चादर आहे. बाई पुन्हा घरी बसून ब्लाउज शिवतात.

बंधूंनो, 'मानधन' या शब्दाशी आम्हा कामगारांचे जुने भांडण आहे. पगार म्हटला की रजा आली, निधी आला, म्हातारपण आले. मानधन म्हटले की नुसता मान. अंगणवाड्या १९७५ साली सुरू झाल्या. त्यांतल्या सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे आणि त्यांचे मानधन हे वेतनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २५ एप्रिल २०२२ उजाडला. सरकारच्या कामात जर सत्तेचाळीस वर्षे लागली, तर गावच्या संस्थेतल्या बाईंना कोण विचारतो? गरिबांची सेवा करणारी संस्था आपल्याच माणसाला गरीब ठेवून चालत असेल, तर ती सेवा उसनवारीची आहे.

मग करावे काय? आपल्या इतिहासात याचे एक उत्तर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला. माणशी वर्षाला एक पैसा! लोक हसले असतील. टिळकांनी मात्र पाठबळ दिले. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो पाहत. तो नफ्यापेक्षा शिक्षणाचा कारखाना होता. तेथे हात बसलेली माणसे पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेली. शिकविण्याचा खर्च लोकांच्या वर्गणीतून निघे, म्हणून शिक्षणच मुख्य राहिले.

आपल्या वऱ्हाडातही पाहा. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. त्यांनी रुग्णाला ताटात वाढून बसविले नाही, त्याच्या हाताला काम दिले. शेंडगावच्या गाडगेबाबांनी कीर्तनातून धर्मशाळा उभ्या केल्या, आणि एक पैही आपल्या नावावर ठेवली नाही.

देणगी घेऊ नये असे मी म्हणत नाही. देणगीने इमारत होते, यंत्र येते. परंतु देणगीदार आपल्या इच्छेने देतो आणि आपल्या इच्छेने थांबतो. वर्गणीदार दारात उभा राहून विचारतो, "भाऊ, माझ्या पैशाचे काय केले?" त्या प्रश्नाने संस्था जागी राहते. जिनातल्या रेजा दिवसभर रुईची धूळ खाऊन संघाची वर्गणी देत. तिचा हिशेब आम्ही फाटकावर मोठ्याने वाचत असू. वाचताना एक आकडा अडखळला तरी दहा जणी उभ्या राहत.

शेवटच्या दिवशी संस्थांच्या मंडळींनी तीन गोष्टी ठरविल्या. अंदाजपत्रकाची पहिली ओळ कार्यकर्त्याच्या पगाराची असावी. शिबिराला बाहेरचा तज्ज्ञ आला, तर जाण्यापूर्वी त्याने गावातल्या दोघांना तरी शिकविण्याइतके तयार करावे. आणि वर्षाच्या खर्चातला काही भाग, थोडा का होईना, याच तालुक्यातून वर्गणीने गोळा व्हावा.

पहिल्या दोन गोष्टी त्यांच्या हातात आहेत. तिसरी आपल्या हातात आहे. कापसाचे चुकारे झाले की पावतीपुस्तक घेऊन कोणी आपल्या ओट्यावर येईल. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नका, आणि न विचारताही देऊ नका. आधी मागील वर्षाचा हिशेब पाहा, शिकविणाऱ्याला पगार मिळाला का ते विचारा, आणि मग पावती फाडायला सांगा.