चांदणी टेकडीवरून बघायची होती
(युवा शिबिरातील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. चित्रकला शिकलेलो नाही, तरी आज शेतातल्या चित्रांबद्दल बोलणार आहे.

पुण्याजवळ डोणजे इथे श्रीकांत इंगळहळीकर यांनी २०१६पासून भाताच्या शेतात चित्रं उगवली. तेही मूळचे इंजिनिअर, पुढे वनस्पतींकडे वळले. हिरव्या भातात गडद जांभळ्या पानांचा भात लावायचा. रोपं वाढली की चित्र दिसतं, कापणीला संपतं. जपानच्या इनाकादाते गावात हे १९९३पासून चालतं. २००३ साली तिथली मोनालिसा मनोऱ्यावरून खालच्या अंगाने फुगलेली दिसली. तेव्हापासून गावकरी मनोऱ्यावरच्या नजरेचा हिशोब धरून आराखडा आखतात.

आपल्याकडे भात कुठला? खुलताबाद तालुक्यात मामूंच्या शेतातली ज्वारी निघाली होती. मकबऱ्याच्या जाळ्या बघून सुचलेली आठ कोनांची चांदणी मी लॅपटॉपवर आखली. मामेभावांसोबत कडब्याच्या पेंढ्या मांडल्या. मामूंची एकच अट : "कडबा जनावरों का है, जैसा का वैसा वापस होना."

दुसऱ्या दिवशी गावात कुजबुज. यांनी शेतात कसली खूण काढली? कुणीतरी फोटोही फिरवला. असा एक फोटो काय करू शकतो, तुम्हाला माहीत आहे. मी घाबरलो, पेंढ्या उचलायला निघालो. मामू म्हणाले, "उठाता कायकू? बुला उनकू."

शेजारपाजारचे आले, टेकडीवर चढले. एक काका हसले, "ही कुठली चांदणी? चेपलेली भाकर दिसायली!"

बरोबर होतं त्यांचं. मी स्क्रीनवर सरळ वरून बघून आखलं होतं. गाव टेकडीवरून बघणार होतं. नजर ३० अंशांनी खाली जात असेल, तर समोरची लांबी निम्मीच दिसते. म्हणजे चांदणी त्या दिशेने दुप्पट ताणायला हवी, पलीकडची टोकं आणखी थोडी जास्त.

मग त्याच लोकांनी सुतळी धरली. काका टेकडीवरून ओरडत होते, "अजून मागं!" संध्याकाळी नवा फोटो त्यांनीच गावच्या ग्रुपवर टाकला : 'आपल्या शिवारातली चांदणी'.

चार दिवसांनी पेंढ्या गोठ्यात गेल्या. आज तिथे काही नाही.

उन्हाळ्यात रानं मोकळी असतात. तुम्हीही करा. शेतमालकाला विचारा, तिथलंच सामान वापरा, घेतलेलं परत करा. आणि शेजाऱ्यांना पहिल्या दिवशीच बोलवा. मी कुजबुज झाल्यावर बोलावलं, तीच माझी चूक.