वेप : कायदा काय सांगतो?

बाळकुम नाक्यावर रिक्षाची वाट पाहताना शेजारी कुणी वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढू लागला, की काही जण नाक मुरडतात, बरेच जण गप्प राहतात. पण 2019 च्या कायद्याने देशभर ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फौजदार किंवा त्यावरील दर्जाचे पोलीस झडती घेऊन माल जप्त करू शकतात. केवळ ओढण्यासाठी मात्र या कायद्यात वेगळी शिक्षा नाही. म्हणून ओढणाऱ्याशी हुज्जत घालू नका, त्याला समजावा. विक्री दिसली तर 112 वर कळवा.