विद्यार्थ्याची पहिली खोली
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी अकोले, पाथर्डी, जामखेड, शेवगाव या तालुक्यांतून मुले नगरास शिकावयास येतात. (शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले; आमच्या जिभेवरचे 'नगर' अद्याप जात नाही.) महाविद्यालयात प्रवेश मिळतो, परंतु वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही. मग बाप आणि मुलगा सावेडीच्या गल्ल्यांतून 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या वाचीत हिंडू लागतात. आज आम्ही या हिंडण्याविषयी बोलणार आहोत. गुणवंतांच्या सत्काराविषयी बोलणारे पुष्कळ आहेत.

पाटी सापडते, घरमालक दार उघडतात, आणि पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात. गावावरूनही झाला नाही तर 'तुमच्यात कोण?' असे सरळच विचारतात. ज्याला हा प्रश्न झेलावा लागला, त्याला त्याचे वर्णन नको. परंतु नगरात घर बांधून वरचा मजला भाड्याने देणारी कुटुंबे आपल्या समाजातही आता थोडी नाहीत, आणि आपल्याही दारांत हाच प्रश्न विचारला जातो. हे कोणीतरी बोलावयास हवे होते.

मंडळाने काही खोल्या घ्याव्या व त्या केवळ आपल्याच मुलांस द्याव्या, अशी एक सूचना आली आहे. तिला थोरांचा आधार आहे. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढे तेथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शहरात आसरा नव्हता. तो त्या वसतिगृहांनी दिला. त्यांचे ऋण मोठे आहे.

परंतु त्याच कोल्हापुरातील दुसरी हकीकतही ऐकावी. भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी जैन वसतिगृहात राहत होता. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्याच्या समारंभास तो गेला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध हो, असे त्यास सांगण्यात आले. त्याने ते मानले नाही, आणि त्यास वसतिगृह सोडावे लागले. हेच पुढे कर्मवीर झाले. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, आणि एकाच पंगतीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आपल्या जिल्ह्यात श्रीरामपूर व कोपरगाव येथे आहेत. तेथे शिकलेले कित्येक या मंडपातच बसले असतील.

म्हणून आमचे मत असे की, मंडळाने खोल्या घेण्याऐवजी खोल्यांची एक वही ठेवावी. आपल्या घरमालकांनी तीत आपापली खोली नोंदवावी, आणि जो विद्यार्थी येईल त्यास आडनाव न विचारता ती दाखवावी. 'आधी आपले' म्हणणाऱ्या सद्गृहस्थांस आम्ही इतकेच विचारतो : पुण्या-मुंबईस गेलेली आपली मुले आज कोणाच्या घरात राहतात? पाथर्डीकडे तर कित्येक घरांतील आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात ते उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. त्या मुलास गावाकडून एस.टी.ने भाकरीचा डबा यावयाचा तरी कोणाच्या हातचा? मुलींची अडचण याहून बिकट. खोली मिळत नाही म्हणून प्रवेश सोडला, आणि प्रवेश सोडला म्हणून स्थळे पाहावयास आरंभ झाला, असे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

वहीत भाड्याखेरीज चार गोष्टी स्पष्ट असाव्या : अनामत किती व परत केव्हा, विजेचे मीटर स्वतंत्र की सामायिक, पाणी केव्हा येते, आणि संपूर्ण खोली की कॉट बेसिस. ओळखीच्या माणसाशी कागद कशाला, असे म्हणू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आपल्या घरमालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

ही वही लिहिण्याचे काम आम्ही स्वतः करू. हजेरीपट लिहिण्यात आयुष्य गेले आहे, हात अद्याप चालतो. ज्यांची खोली रिकामी आहे त्यांनी आज पंगत बसण्यापूर्वी आपले नाव, गल्ली व भाडे आम्हांस सांगावे. आम्ही मंडपाच्या डाव्या दाराशी बसलो आहोत.