मज्जातंतूंची वेदना आणि तिची परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



वार्षिक संमेलनात वधूवर-परिचय, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, मंडळाचा निधी अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. आम्ही मात्र आज एका दुखण्याचा विषय आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा कार्यकारी मंडळाकडे मागितली, व ती त्यांनी उदार मनाने दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य शाळामास्तरकीत गेलेले. वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. औषध कोणते घ्यावे हे डॉक्टरांनी ठरवावे. परीक्षा कोणत्या करून घ्याव्या आणि त्या वेळेवर का कराव्या, एवढेच आम्ही सांगणार आहोत. परीक्षा हा विषय शिक्षकाच्या परिचयाचा आहे, तेव्हा एवढी सवलत आपण द्यालच.

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी चिखलात वाकून करावी लागते, बिड्या वळणाऱ्या भगिनींना तासन्‌तास एका जागी बसावे लागते, कोशाचे कापड विणणाऱ्यांचे हातपाय मागावर दिवसभर राबतात. त्यामुळे हातपाय व कंबर दुखणे ही घरोघरची गोष्ट झाली आहे. हे दुखणे बहुधा स्नायूंचे किंवा सांध्यांचे असते. विश्रांतीने व शेकाने ते उतरते. परंतु याहून निराळी अशी एक वेदना आहे. ती आगीसारखी जळजळते, विजेचा झटका बसावा तशी सणकते, मुंग्या आणते, आणि कित्येकदा जिथे दुखते तीच जागा स्पर्शाला बधिर असते. ही मज्जातंतूंची, म्हणजे आपण ज्यांना बोलण्यात नसा म्हणतो त्यांची वेदना होय.

अशी वेदना सुरू झाली की आपले बांधव प्रथम क्ष-किरणांचा फोटो काढावयास धावतात. फोटोत हाड दिसते, मज्जातंतू दिसत नाही. फोटो निर्दोष आला की घरातील मंडळी म्हणतात, काही झालेले नाही. रोगी बिचारा गप्प बसतो आणि महिने निघून जातात. या दुखण्याची पहिली परीक्षा यंत्राने होत नसून प्रश्नांनी व हातांनी होते, हे आपण ध्यानात घ्यावे. फ्रान्समधील वैद्यांनी २००५ साली १० प्रश्नांची एक तालिका प्रसिद्ध केली. जळजळ होते काय, बर्फासारखे गार दुखते काय, झटके येतात काय, मुंग्या, टोचणी, बधिरता, खाज आहे काय, असे ७ प्रश्न रोग्यास विचारावयाचे; उरलेले ३ स्पर्श करून, सुई हलकेच टोचून व मऊ कुंचला फिरवून पाहावयाचे. १० पैकी ४ किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली, तर वेदना मज्जातंतूंची असण्याचा संभव मोठा. यास खर्च काही नाही. तपासणाऱ्याने थोडा वेळ मात्र द्यावयास हवा.

पुढील परीक्षा कारण शोधण्यासाठी असते. कंबरेतून पायात कळ उतरत असेल, तर रोग्यास उताणे निजवून पाय सरळ ठेवून वर उचलतात. ठराविक उंचीवर कळ सणकली, तर कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब असल्याचा संशय घेतात. मधुमेह असणाऱ्याच्या तळपायाला १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवतात आणि सेकंदास १२८ कंपने करणारा नादकाटा अंगठ्यावर ठेवतात. तंतूचा स्पर्श कळला नाही, तर पायाला जखम झालेली कळणार नाही, असे समजावे. रक्तातील साखर व ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणीही याच वेळी करून घ्यावी.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला, तिच्याकडे वळतो. आपल्या भागात मज्जातंतूंच्या वेदनेचे आणखी एक कारण आहे आणि त्याचे नाव उच्चारण्यास आपण कचरतो. ते कारण म्हणजे कुष्ठरोग. २००५ च्या डिसेंबरात, देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी उरल्यामुळे, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या रोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यावरून रोग संपला असा अनेकांचा समज झाला. तो खरा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत नवे रोगी आजही आढळतात. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू दाखवून दिला. तेव्हापासून हा रोग पूर्वजन्मीचे पाप किंवा कुळाचा दोष नाही हे सिद्धच आहे. हा जंतू त्वचेइतकाच मज्जातंतूंत घर करतो. म्हणून फिकट वा लालसर, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा जसा त्याची खूण आहे, तशीच जाड झालेली व दाबली असता दुखणारी नस हीही त्याची खूण आहे.

ही नस शोधण्याची परीक्षा प्रशिक्षित हात मिनिटाभरात करतो. कोपराच्या आतील बाजूस, जिथे आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात तिथे. गुडघ्याखाली पायाच्या बाहेरच्या बाजूस. घोट्याच्या आतील हाडामागे. आणि मानेच्या बाजूस, अशा ठिकाणी नसा बोटांनी चाचपतात व दोन्ही बाजू ताडून पाहतात. नंतर रोग्यास डोळे मिटावयास सांगून तळहातावर व तळपायावर साध्या बॉलपेनचे टोक टेकवतात आणि स्पर्श कुठे झाला ते बोटाने दाखवावयास सांगतात. शेवटी शक्ती पाहतात. डोळे घट्ट मिटतात काय, करंगळी बाजूस नेता येते काय, अंगठा, मनगट व पाऊल वर उचलता येते काय, हे दाब देऊन तपासतात. या नोंदी ठेवून पुढील भेटीत पुन्हा तपासणी करतात, म्हणजे नस सुधारते आहे की बिघडते आहे ते कळते. लेखणी नीट धरणाऱ्या मुलाची पकड ढिली पडली, किंवा चालताना चप्पल पायातून नकळत निसटू लागली, तर आळशीपणाचा ठपका ठेवण्याआधी ही परीक्षा करवून घ्यावी, असे आम्ही शिक्षक व पालक या दोहोंस सांगतो.

बंधुभगिनींनो, दुखणारी नस निदान हाक तरी देते. परंतु या रोगात कित्येकदा वेदनेवाचूनच नसेची शक्ती जाते. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. चुलीवरचे भांडे हाताला भाजते, काटा तळव्यात रुततो, आणि त्यास पत्ता नसतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की या रोग्यांची बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना न कळल्यामुळे झालेल्या इजांनी व चिघळलेल्या जखमांनी ती जातात. म्हणून चट्टा असलेल्या माणसाने दुखण्याची वाट न पाहता नसांची परीक्षा करवून घेतली पाहिजे. नस नुकती दुखू लागली असता, किंवा शक्ती जाऊन ६ महिने लोटण्याच्या आत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सूज उतरविणारे उपचार झाले, तर गेलेली शक्ती परत येण्याची आशा पुष्कळ असते. उशीर झाल्यास ती आशा उत्तरोत्तर क्षीण होते.

यंत्रांच्या परीक्षाही आहेत. मज्जातंतूवाहन तपासणीत त्वचेवर लहान झटके देऊन संदेश सेकंदास किती मीटर वेगाने जातो ते मोजतात. ती उपयुक्त आहे, परंतु जाड तंतूंचाच वेग ती मोजते. जळजळीची वेदना वाहणारे बारीक तंतू बिघडले असता ती निर्दोष येऊ शकते. एम.आर.आय. चित्रात कण्यातील चकती सरकलेली दिसते, पण ज्यांना काही दुखत नाही अशा माणसांतही ती तशी दिसते. यास्तव मोठ्या शहरातील महागड्या तपासणीसाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी जवळच्या सरकारी दवाखान्यात हातांनी होणारी परीक्षा करून घ्यावी. यंत्राची गरज आहे किंवा कसे, हे तीवरून ठरते.

या कामी आपल्या विदर्भाची परंपरा उज्ज्वल आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवा आरंभिली. सेवाग्रामात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केली. बाबा आमटे यांनी वरोड्यास आनंदवन उभे केले. त्या पिढीला हाती फारशी औषधे नसता सेवा करावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि आज तो सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होतो. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही नस एकाएकी दुखू शकते. ती औषधाची बाधा समजून गोळ्या टाकून देऊ नयेत. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

असे असूनही परीक्षेस उशीर होतो, याचे कारण लाज. मुलीचे लग्न जुळावयाचे आहे, सोयरे काय म्हणतील, या भयाने चट्टा पदराखाली झाकला जातो आणि आशाताई दारात आल्या असता घरात कोणी नाही असे सांगितले जाते. पूर्वी कायद्यातही हा रोग घटस्फोटाचे कारण मानला जात असे. २०१९ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ते कारण काढून टाकले. जे कायद्याने सोडले, ते ज्ञातीने धरून बसावे हे शोभत नाही. सोयरिकी जुळविण्याचे काम आपले मंडळ करते. तेव्हा या रोगावरून कोणाचे स्थळ नाकारले जाणार नाही, असा ठराव मंडळानेच प्रथम करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. औषध चालू असलेल्या वा पूर्ण केलेल्या माणसापासून भिण्याचे कारण नाही, हेही आपल्या बैठकांतून वारंवार सांगितले जावे.

येत्या ३० जानेवारीस, गांधीजींच्या पुण्यतिथीस, कुष्ठरोगनिवारण दिनानिमित्त आरोग्य खात्याच्या सेवकांना आपल्या सभागृहात पाचारण करावे, आणि वडीलधाऱ्यांनी प्रथम आपले हात पुढे करावेत, म्हणजे लेकीसुनांचा संकोच आपोआप जाईल.