गळा माझाच, तोंड कुणाचं?

(शिक्षण-नोकरीसाठी जयपूरला आलेल्या मराठी मुलींच्या खातीपुऱ्यातल्या बैठकीत केलेलं बोलणं)



आज फाउंडेशन आणि कन्सीलरवर बोलायचं ठरलं तेव्हा दोघी हसल्या. हसा. पण पुढच्या महिन्यात तुमच्यातल्या चौघींच्या मुलाखती आहेत, आणि हे सांगणारं आपल्या कुणाच्याच घरात नव्हतं. माझी आई आजही तोंडाला फक्त खोबरेल लावते.

इथे आले त्या वर्षी परिषदेत पहिला निबंध वाचायचा होता. एका दुकानात फाउंडेशन मागितलं. दुकानदार म्हणाला, "दो शेड ऊपर लीजिए, चेहरा खुल जाएगा." मी मुकाट घेतलं. जातीवर चाळीस पानं लिहून बसलेल्या मला स्वतःच्या रंगाचं नाव सांगता आलं नाही. फोटो आईला पाठवला. ती म्हणाली, "गळा तुझाच आहे गं, तोंड कुणाचं?"

तोंड राखाडी दिसत होतं. फिकट आणि वर गुलाबी झाक असलेली शेड सावळ्या त्वचेवर राख फासल्यासारखी दिसते. आपल्यात बऱ्याच जणींच्या त्वचेला पिवळसर, सोनेरी, कधी हिरवट झाक असते. म्हणून शेड किती गडद एवढंच पाहू नका, झाकही पाहा. मनगटाच्या पाठीवर लावून ठरवू नका, हात उन्हात वेगळा रापतो. जबड्याच्या कडेवरून गळ्याकडे तीन शेडच्या तीन रेघा ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात या. दहा मिनिटं थांबा, कारण काही फाउंडेशन वाळल्यावर गडद होतात. जी रेघ दिसेनाशी होईल ती तुमची. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. कपाळ आणि गाल वेगवेगळे असतील तर गळ्याशी जुळवा. दोन शेडच्या मधला रंग असेल तर दोन्ही मिसळा. आणि एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीत चालत नाही.

कन्सीलर डागावर लावायचा तर फाउंडेशनच्याच शेडचा. डोळ्यांखाली काळं असेल तर फिकट कन्सीलर थेट लावू नका, तिथेही राखच दिसते. आधी केशरी करेक्टरचा पातळ हात, मग कन्सीलर.

त्या दुकानदाराचा 'ऊपर' मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. उजळ म्हणजे वर, काळं म्हणजे खाली. ही उतरंड आपल्याला अनोळखी नाही. 1901 च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले नाकांची मापं घेऊन जातींची क्रमवारी लावत होता. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तसलीच मापं तपासून दाखवलं की अस्पृश्य हा वेगळा वंश नाही. तरी 'तू तशी वाटत नाहीस' हे कौतुक म्हणून आपण सगळ्यांनी ऐकलंय. आपल्यातली गोरी मुलगी ते ऐकून गप्प बसते, सावळी दोन शेड वरची बाटली घेते. 1975 साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 2020 मध्ये 'फेअर' गेलं. काउंटरवरचा 'ऊपर' अजून तिथेच आहे.

कुणी काहीच लावणार नसेल तर उत्तम, माझे पैसे वाचले असते. पण लावणार असाल तर आपल्याच रंगाचं लावा. तीन बाटल्या आणल्यात. ट्यूबलाइट बंद करा आणि एकेक जण खिडकीपाशी या.