वाडीतून कॉलेजात गेलेली मुले
(खेड येथे सेवेच्या मित्रमंडळींच्या सभेत केलेले भाषण)



दर तिमाहीला आपण वाडीतल्या बालवाडीबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, जातीच्या दाखल्यांच्या शिबिराबद्दल वाचता. आज मला त्याच वाड्यांतून निघून कॉलेजापर्यंत पोहोचलेल्या मुलांबद्दल बोलायचे आहे. ती थोडीच आहेत. मूल बारावी झाले, कॉलेजात गेले, की आपले काम संपले असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. मलाही तसेच वाटत होते.

पहिली कार्यशाळा घेतली तेव्हा मी मोठ्या अक्षरांत फलक लिहिला : ‘मानसिक आरोग्य कार्यशाळा’. बाजारपेठेतली, भरणे नाक्याकडची पंधरा-वीस मुले आली. कातकरी वाडीतले एकही आले नाही. पुढे त्यांतला एक एस.टी. स्टँडवर भेटला. म्हणाला, “ताई, तिकडे आलो असतो तर वर्गात म्हणाले असते, ह्याला रत्नागिरीला न्या.” आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ कुणाला सांगायला नको. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाने कितीतरी माणसे बरी करून घरी पाठवली, पण आपण त्या गावाचे नाव थट्टेसाठी वापरत आलो. चर्चच्या आवारातही मी ते ऐकले आहे, आणि हसलेही आहे.

दुसऱ्या वेळी फलकावर लिहिले, ‘परीक्षा, झोप आणि घरची काळजी’. आणि सुरुवातीलाच पोहे व चहा ठेवला, कारण सकाळच्या पहिल्या एस.टी.ने येणारे मूल बहुधा उपाशीच निघालेले असते. त्या दिवशी वाडीतली अकरा मुले आली.

त्यांचे बोलणे ऐकताना मला कळले की ‘नैराश्य’, ‘ताणतणाव’ हे आपले शब्द. ती म्हणतात, मन लागत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. पुस्तक उघडले की अक्षरे पळतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. तो धंदा गेला, जमीन नव्हतीच. दिवाळीनंतर आईबाप उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मुलाची परीक्षा येते तेव्हा वाडीतल्या घराला कडी असते. जात पडताळणीचा कागद अडला तर शिष्यवृत्ती अडते. वर्गात कुणी आडनावावरून, कुणी बोलण्यावरून टोमणा मारतो. आणि वाडीत गेले तर लोक म्हणतात, तू आता साहेब झालास. दोन्हीकडे परका. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, ती भिल्ल तडवी समाजातली. एवढे शिकलेल्या मुलीची ही गत, तर आमचे काय, असे एका मुलीने मला विचारले.

त्याच मुलीबद्दल सांगते. तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे काही सांगणार नाही. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, सकाळी उठावेसेच वाटत नाही. मी तिला एक स्तोत्र वाचून दाखवले, प्रार्थना केली, आणि धीर धर म्हणून पाठवले. पाच आठवडे ती फिरकली नाही. परत आली तेव्हा बारीक झाली होती. मी पुन्हा म्हणाले, बाळा, प्रार्थना कर. ती म्हणाली, “केली होती ताई. म्हणूनच तर तुमच्याकडे आले होते.”

मी तीस वर्षे नर्स म्हणून नोकरी केली आहे. ताप आलेल्या मुलाला मी नुसती प्रार्थना करून परत पाठवले नसते.

मग मी तिला सरळ विचारले, जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का? असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारले म्हणून माणसाचा जीव हलका होतो. ती हो म्हणाली आणि बराच वेळ रडली. मी तिला एकटी सोडली नाही. तिच्यासमोरच १४४१६ ला फोन लावला. ही सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ पासून चालू आहे. फोन मोफत, रात्रंदिवस लागतो, मराठीत बोलता येते. आमच्यातली एक बहीण त्या रात्री तिच्यासोबत राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या चालू झाल्या, आईला भट्टीवर निरोप गेला. यंदा ती परीक्षेला बसली. दोन विषय राहिले आहेत. ते ती हसत सांगते.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा होईल म्हणून घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे माणूस तीव्र तणावाखाली होते असे मानायचे आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची असे ठरवले आहे. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा असे सांगितले. आपल्यापैकी काहींची मुले कॉलेजात आहेत, काही स्वतः शिकवता. प्राचार्यांना भेटून विचारा, आमच्याकडे कोण आहे?

आता जो प्रश्न मला पत्रांतून येतो त्याबद्दल. देणगी पाठवणारे विचारतात, यांतली किती मुले उपासनेला येऊ लागली? मी प्रामाणिकपणे सांगते, मी मोजलेले नाही, आणि कार्यशाळेत मी धर्माचा विषय काढत नाही. जीव नकोसा झालेल्या मुलाला आपल्या मदतीला अट आहे असे वाटले तर ते दुसऱ्यांदा येणार नाही. काहींना हे पटत नाही, मला ठाऊक आहे. त्यांनी पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय घरी जाऊन वाचावा. एलीया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला दोनदा खाऊ घातले आणि झोपू दिले. इथे काय करतोस, हा प्रश्न पुढे, डोंगरावर पोहोचल्यावर.

मागणे मोठे नाही. जूनमध्ये कॉलेजे उघडली की पुढची कार्यशाळा आहे. सात-आठ मुलांचे एस.टी.चे भाडे आणि नाश्ता कुणी उचलला तर बरे. स्त्रीमंडळातल्या दोघींनी फक्त बसून ऐकायला यावे. उपदेश नको, ऐकलेले बाहेर नको. आणि आम्हाला दार लागेल अशी एक खोली हवी. व्हरांड्यात कुणी मोकळे बोलत नाही, जाणारे-येणारे बघतात. चर्चच्या मागची सामानाची खोली रिकामी करता येईल. पाळकसाहेब, तिची किल्ली आपल्याकडे आहे, आज सभा संपल्यावर मी मागायला येणार आहे.